लिलीचा डाग

"पाणी लावलंस?"

"लावलं, महाराज."

"चोळलंस?"

"चोळलं. साबण लावला, लिंबू लावलं... जाईना."

स्वामींनी डोळे मिटून घेतले. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं मठाच्या गादीवर बसून ते अगदी थकून गेले होते. उद्या शिष्याला, विश्वंभराला गादीवर बसवायचं आणि आपण मोकळं व्हायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

विश्वंभराच्या हातात पांढरा रेशमी अंगरखा होता. गादीवर बसताना घालायचा. मठात तो एकच, गुरूकडून शिष्याकडे आलेला. घालायचा होता उद्या. पण सकाळी गावकरी सत्काराला आले आणि याला कुठला धीर, आजच अंगात चढवला! त्यांनी मोठ्या लिलींचा गुच्छ दिला, यानं तो छातीशी धरला. आता छातीवर परागांचा तळहाताएवढा केशरी डाग पसरला होता.

"उद्या सगळ्यांसमोर हा कसा घालू?" त्यानं अंगरखा पुढे धरला. "पंधरा वर्षं या एका दिवसाची वाट पाहिली, महाराज."

कोपऱ्यातल्या त्याच गुच्छातून स्वामींनी एक फूल उचललं आणि स्वतःच्या पांढऱ्या बाहीवर हलकेच आपटलं. परागांची केशरी पूड बाहीवर सांडली.

विश्वंभर ओला पंचा घेऊन धावला.

"बस."

"पण महाराज, डाग..."

"बस म्हटलं ना."

तो बसला. बराच वेळ गेला... त्याची नजर बाहीवरून हलेना. हात नुसते शिवशिवत होते.

मग स्वामींनी हात खिडकीबाहेर काढला आणि बाही दोनदा झटकली. पूड उडून गेली. बाही पांढरीच्या पांढरी.

विश्वंभर बघतच राहिला.

"इतकंच?"

"इतकंच. कोरडी असते तोवर झटकली की जाते. तू का नाही थांबलास?"

विश्वंभरानं मान खाली घातली.

"लोक बघत होते."

स्वामींनी सुस्कारा सोडला. दिवसभर राबून टेकलेल्या माणसाला पुन्हा उठवावं, तसा.

"मग... उद्या काय घालू, महाराज?"

"हाच घाल."

"डागासकट?"

"डागासकट. आणि उद्या सगळ्यांसमोर तुझ्या हाती द्यायचा गुच्छ मी सांगून ठेवलाय. लिलीचाच."