कानात नसलेला आवाज

एकदा एक गायिका परदेशात संगीत शिकून आपल्या प्रियकराकडे परत आली. विरह संपला, यापुढे एकच मंच, एकच घर, एकच सूर, असे तिने वाटेत मनाशी ठरवले होते. वर्ष सरता सरता आढळले ते निराळेच. मंच एक होता खरा. घरात मात्र दोघांमध्ये आठवडाभर शब्द नव्हता.

तिचे नाव रेवती. तो इंद्रनील, रॉक गायक; त्याच्या नावाने हजारो लोक ओरडत. या दोघांच्या प्रेमाचा पहिला भाग सर्वांना पाठ होता. ती परतली त्याच दिवशी, भर कार्यक्रमात, तिच्याबरोबर गाताना गाणे अर्धवट सोडून इंद्रनीलने तिला मिठीत घेतले आणि तिचे चुंबन घेतले. लोक वेडे झाले. आयोजकांनी मग ते चुंबन शेवटच्या गाण्याला कायमचे जोडून टाकले. आता प्रत्येक कार्यक्रमात ठरल्या वेळी तांबडा प्रकाश पडे, एका माईकवर दोघांचे ओठ जवळ येत, त्याचा तापलेला श्वास तिच्या मानेला लागे. तिच्या अंगावर अजूनही काटा येई, हेच तिला सहन होत नसे. कारण दिवे मालवले की तो एका दाराने निघून जाई, ती दुसऱ्याने.

उद्याचा कार्यक्रम झाला की निघून जायचे, असे तिने ठरवले. बॅगही भरली. त्या संध्याकाळी तिचे जुने गुरू तालीम पाहायला आले, तेव्हा तिने त्यांना बाजूला घेतले.

"बुवा, उद्याचं झालं की मी निघते. तो माझं ऐकतच नाही हो. काही सांगायला जावं तर मध्येच तोडतो."

"आणि तू ऐकतेस?"

"मीच किती ऐकायचं?"

बुवांनी खुर्ची ओढली. "गा बरं दोघं."

"तुमच्या शिष्येला सांगा बुवा, तालमीतही जरा हसत जा," इंद्रनील माईक घेत म्हणाला. "तिकीट लावल्याशिवाय हसत नाही ती."

"आणि समोर गर्दी नसली की हा डोळेसुद्धा उघडत नाही," रेवती म्हणाली.

गाणे सुरू झाले. एक कडवे होताच बुवांनी हात वर केला.

"कमरेच्या त्या डब्या बदला. हिची त्याला, त्याची हिला."

मंचावर गाणाऱ्याच्या कमरेला एक डबी असते आणि तिच्यातून कानातल्या इअरफोनमध्ये आवाज येतो. त्यात कोणाला किती ऐकायचे, ते ज्याने त्याने साउंडवाल्याला सांगायचे. दुसऱ्याला ते कळत नाही.

इंद्रनीलचा चेहरा उतरला. "नको बुवा. ज्याची त्याची असते ती."

नको असे रेवतीलाही म्हणायचे होते. पण त्याची चलबिचल पाहून तिने आपली डबी काढून पुढे केली.

पुन्हा गाणे. रेवतीच्या कानात ढोल होते, गिटार होती, त्याचा आवाज होता. तिचा नव्हता. ती आणखी जोरात गायली, तरी नव्हता. तिने कानातला इअरफोन ओढून काढला. "म्हणजे मी इथे नाहीच!"

इंद्रनील तिची डबी धरून तसाच उभा होता. "आणि यात मी कुठे आहे?" त्याने हळूच विचारले.



"तू आधी सांग," ती म्हणाली.

"तुझा आवाज कानात आला की मला पुढची ओळ आठवत नाही." तो पहिल्यांदाच तिच्याकडे पाहत होता. "तू आलीस त्या दिवशी तेच झालं. ओळ विसरलो, म्हणून तुला जवळ घेतलं. रोज विसरून कसं चालेल? हिला बंद कर म्हणून सांगितलं साउंडवाल्याला."

"तुझा आवाज आला की मी तुझ्याच मागे जायचे," रेवती म्हणाली. "माझा सूर उरायचाच नाही. म्हणून मीही..."

बुवा उठले. "ओळीच्या शेवटी तुम्ही एकमेकांसाठी थांबत नाही, एवढं मला खाली बसून ऐकू आलं. पोरांनो, ज्याच्यामुळे आपला तोल जातो त्याला बंद केलं की गाणं बिनचूक होतं. तुमचं झालंच आहे. पण मग ते दोघांचं राहत नाही. त्या दिवशी तुम्ही चुकलात आणि लोक अजून ती चूकच मागताहेत. तुम्ही त्यांना नुसतं चुंबन देता." मग ते रेवतीकडे वळले. "जायचं की राहायचं, ते मी नाही सांगणार. पण ज्याला सोडायचं, त्याला निदान एकदा ऐकून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग दाराशी तशीच भरलेली होती. रेवतीने ती उचलली नाही, उघडलीही नाही. ती मंचावर गेली तेव्हा साउंडवाला तारा जोडत होता.

"माझ्या कानात त्याचा आवाज सोड. सगळा."

"मॅडम, सूर हलेल."

"हलू दे. आणि शेवटचा तो तांबडा दिवा काढून टाक."

"मग चुंबन?"

"व्हायचं असेल," रेवती म्हणाली, "तर पांढऱ्या उजेडातही होईल."