सात बोटे उत्तरेला

एका राज्यात दिशा हरवल्या होत्या. सूर्य उगवे, मावळे. पण पूर्व कोणती नि पश्चिम कोणती, हे कोणालाच सांगता येत नसे. शिवेपलीकडे गेलेले माणूस परत येत नसे.

असे का झाले, ते ऐका. राजा विक्रांतसेनाने शत्रूच्या धाकाने डोंगरातली वाट लपवली. वाटेवरच्या खुणेच्या शिळा उपटल्या, नकाशे जाळले. त्याच वर्षी अंबुनाथ मांत्रिकाची लेक मृणाल डोंगरात वाट चुकली, ती कायमची. मांत्रिकाने भर सभेत मूठभर राख भुईवर टाकली.

"राजा, तू वाटा लपवल्यास. त्या तुझ्या प्रजेला कधीच न दिसोत!"

शाप उच्चारला आणि मांत्रिकही त्यात सापडला. लेकीला शोधायला निघालेला बाप एकाच टेकडीभोवती फिरत राहिला.

त्या राज्यात सोमदत्त नावाचा भूमापक होता. तो जमीन मोजे, तेव्हा दोरीचे दुसरे टोक त्याची बायको उत्पला धरी. एके दिवशी तो म्हणाला, "वाट शोधून येतो." तो गेला. तीन वर्षे गेली.

एका सकाळी उत्पलेच्या अंगणात म्हातारा सारस उतरला. तो मांत्रिकाचा पक्षी होता.

"बाई, शाप तुटेल. आधी पूर्व शोध. मग नदीचा उगम शोध. मग सारी भूमी एका वस्त्रावर उतरव. एकही जागा खोटी दाखवू नकोस."

"आणि माझे यजमान?"

"ते मला ठाऊक नाही," सारस म्हणाला.

उत्पलेने अंगणात काठी रोवली. काठीभोवती दोरीने वर्तुळ काढले आणि बसून राहिली. सकाळची लांब सावली आखडत आखडत वर्तुळाच्या आत आली. जिथे आली तिथे तिने खडा ठेवला. दुपार कलली, सावली पुन्हा लांबली, वर्तुळाबाहेर निघाली; तिथे दुसरा खडा ठेवला. दोन्ही खडे रेघेने जोडले. सकाळच्या खड्याकडचे टोक पश्चिम, दुसरे पूर्व. रेघ पुरी होताच चार वारे आले आणि चार बाजूंना आपापल्या जागी उभे राहिले.

मग ती नदीकाठाने वर निघाली. पाणी उंचावरून सखलाकडे येते, त्याला शाप बाधत नाही. म्हणून ती पाण्याच्या उलट चालली. दगड मोठे होत गेले, नदीचा ओढा झाला, ओढ्याची धार झाली. डोंगरमाथ्यावर झरा होता. माथ्याच्या अलीकडे पडलेले पाणी पूर्वेला जाई, पलीकडे पडलेले पश्चिमेला.

"इथे मी जन्मले," नदी म्हणाली. "आणि इथेच एक पोर तहानलेली येऊन निजली. ती उठली नाही."

झऱ्याकाठी गवतात चांदीचे वाळे होते, त्याखाली लहानशी हाडे होती. उत्पलेने वरून फुले वाहिली.

तिसरे काम सर्वांत लांबचे. तिने आपला लग्नातला शालू पसरला. शंभर पावले चालली की शालूवर एक बोट रेघ ओढायची, असे प्रमाण धरले. टेकड्या, तळी, गावे, राने ती चालत गेली, मोजत गेली. वर्ष सरले. शेवटी फक्त तिच्या घरामागचे रान उरले.

त्या रानातल्या घळीत सोमदत्त होता. मोजणीची दोरी अजून हाडांच्या बोटांत होती. भोवतीची माती पायांनी गोल गोल तुडवून कठीण झाली होती. घर तिथून सातशे पावलांवर.

उत्पला तिथेच बसली. "एवढ्यावर होतात," ती म्हणाली, "आणि मी दाराशी बसून होते."

सारस झाडावरून म्हणाला, "बाई, ही जागाही दाखवावी लागेल."

"ठाऊक आहे. पण दाखवली की ते परत येणार नाहीत."

मावळतीला तिने सुई घेतली आणि घरापासून उत्तरेला सात बोटे मोजून काळ्या दोऱ्याचा टाका घातला.

शाप तुटला. उपटलेल्या शिळा उठून उभ्या राहिल्या. रानावनांतून हरवलेली माणसे घरी येऊ लागली. कोणी म्हातारे झाले होते, कोणाला घरच्यांनी ओळखले नाही.

अंबुनाथ आला. त्याने शालूवर पाहिले. "माझी लेक?"

उत्पलेने झऱ्याची जागा दाखवली. तो हात जोडून म्हणाला, "माझ्या रागाने तुझे घर बुडाले, बाई."

"आता जा," ती म्हणाली. "ती वाट पाहते आहे."

राजा सिंहासनावरून उतरला. "वाटा मी लपवल्या. काय हवे ते माग."

"गावोगावी अंगणात काठी रोवा, महाराज. पोरांना सावली वाचायला शिकवा, नदी कुठून कुठे जाते ते शिकवा, अंतर मोजायला शिकवा."

तसे झाले. पहिली शाळा उत्पलेच्याच अंगणात भरली. एक मुलगी नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, इथे गाव नाही, तळे नाही. मग हा टाका कशाचा?"

उत्पलेने टाक्यावरून बोट फिरवले.

"तिथे एक भूमापक आहेत," ती म्हणाली. "आधी अंतर मोज. मग सगळे मिळून तिथवर चालत जाऊ."