वाघासाठी राखलेलं काडतूस

रानात वाघ पुष्कळ होते आणि रायफली थोड्या, तेव्हाची ही गोष्ट. जयाजीराव शिकाऱ्यांच्या पट्ट्यात एक थोरलं पितळी काडतूस होतं. जयाजीराव ते रोज फडक्यानं पुसत आणि म्हणत, "हे फक्त वाघासाठी."

काडतूस शेजारच्या बारक्या काडतुसांवर डाफरायचं, "गप बसा, तित्तरमाऱ्यांनो! माणूस ओळखायचा तर त्याचं आवडतं काडतूस बघावं. माझा धनी वाघाच्या काळजाचा आहे!"

"असेल, दादा," एक बारकं म्हणालं. "वाघ आला की कळेल."

एकदा जयाजीराव ते काडतूस रायफलीत भरून मचाणावर बसले, जनावरं हुसकायला हाका उठला आणि वाघ खरोखरच मचाणाखाली येऊन उभा राहिला.

"दाब की चाप!" काडतूस नळीतून ओरडलं.

जयाजीरावांनी डोळे घट्ट मिटले. वाघ सावकाश निघून गेला. हाकारे जवळ येत होते आणि बार तर झालाच नव्हता. तेवढ्यात एक ससा समोर आला. जयाजीरावांनी त्याच्यावरच चाप दाबला. सशाचे दोन कान तेवढे उरले. खाली उतरून त्यांनी ते बुटाखाली दाबले आणि हाकाऱ्यांना सांगितलं, "वाघाला लागली, पण निसटला."

पुढे ते रिकामं काडतूस दिवाणखान्यात मांडलं गेलं. "यानं वाघ पाडला," जयाजीराव पाहुण्यांना सांगत.

"खोटं! ससा होता, भेकडा, ससा!" काडतूस संतापून ओरडू बघायचं. तोंड उघडंच होतं त्याचं. पण आवाज काढायला लागते ती दारू सशावर उडून गेली होती.