उंदराचे डोळे

गणपतीच्या कारखान्यात नमुने काढायला कॉम्प्युटर आला, त्या वर्षीची गोष्ट. डिजिटल लेखणी कुंचल्याला म्हणाली, "तुझी भुवई एका दमात उतरते. मी तुकड्यातुकड्याने काढते, चुकलं की पुसते, तरी रेघ थरथरते."

"मी आधी हवेत फिरतो. वळण अंगात भिनलं की मगच टेकतो."

"पुसायची सोय असताना एवढा खटाटोप कशाला?"

शेजारी मातीचा उंदीर डोळ्यांविना बसला होता. तो म्हणाला, "कुंचलेदादा, माझे डोळे तुम्हीच आखा. पुसायची सोय हिला आहे, मला नाही."

त्या दुपारी लेखणी स्क्रीनवर न टेकता नुसती फिरत राहिली. कोरा स्क्रीन पाहून मालकाने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो आला तेव्हा स्क्रीनवर एक भुवई होती, आणि दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.