बकरा की दोन कोंबड्या?

"पाहणीत शंभर टक्के लोक 'नाही' म्हणाले! माझ्या राज्यात लाच देणारा एकही माणूस नाही!" आफ्रिकेतल्या एका मोठ्या सरोवराकाठचा राजा म्वेंडा भर दरबारात मांडीवर थाप मारून ओरडला.

आणि कुणीतरी फिस्सकन हसलं!

हसली ती तादाला, कसावाच्या कंदांचं शेत कसणाऱ्या विधवेची लेक. हसू येणारच हो! घरोघर जाऊन "लाच द्यावी लागते का?" असं विचारलं कुणी? तर शेतांच्या हद्दी ठरवणाऱ्या कारभारी म्वालेनं स्वतः, हातात भाला घेऊन! त्यानं बांधावर झुडूप लावल्याशिवाय तिथे शेत कुणाच्या मालकीचं होत नसे, आणि बकरा घेतल्याशिवाय हा पठ्ठ्या झुडूप लावत नसे. तादालाच्या घरी बकरा नव्हता, म्हणून बांधावर झुडूपही नव्हतं.

"हसतेस काय गं? पाहणी खोटी वाटते?" राजा कडाडला. "सगळा गाव अंगणात जमलाय. म्वालेसमोरच लोकांकडून खरं वदवून दाखव! नाही जमलं, तर तुमचं शेत म्वालेला!"

शेत गेलं तर मायलेकींनी खायचं काय? पण जीभ गप्प बसेल तर ना!

"महाराज, तुमचा ढोल द्या. आणि मी काहीही विचारलं तरी मध्ये बोलायचं नाही हं!"

"बरं बाई, नाही बोलत!"

तिनं ढोल बडवला. "ऐका हो ऐका! यापुढे झुडपासाठी कारभाऱ्याला फक्त दोन कोंबड्या द्यायच्या असं ठरलं, तर तुमचं मत काय?"

एकच गलका झाला.

"दोनच? राजाचं भलं होवो!"

"माझा तर बकरा नेला यानं!"

"माझा बकरा, वर दारूचं मडकं!"

म्वालेला घाम फुटला. "महाराज, हा अन्याय आहे!" तो कळवळून म्हणाला. "दोन कोंबड्यांत माझं कसं भागणार? बकऱ्यापेक्षा कमीत मला परवडतच नाही!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

राजानं डोळे वटारले. "कोंबड्यांचं मी कधी ठरवलं गं?"

"कुठे ठरवलंत, महाराज? मी नुसतं मत विचारलं! 'लाच घेतात का' म्हटलं की लोक घाबरतात. 'कमी करू का' म्हटलं की घेणारासुद्धा खरं बोलतो!"

राजा पोट धरधरून हसला. "म्वाले, ज्याचा बकरा त्याला परत दे, आणि आजच हिच्या बांधावर फुकट झुडूप लाव! पुढची पाहणी हीच करेल. पण पोरी, मला मात्र कधी काही विचारू नकोस हो!"