पहिली सोड, राखीव ओढ

कुसळेवाडी नावाच्या एका गावात एक भोळा तरुण होता. गावात भोळी माणसं आणखीही होती, पण ती अधूनमधून भोळी असायची. गेनू रोज असायचा. त्याला कुणी म्हटलं, "जरा थांब," तर तो थांबायचा. सांगणारा विसरून घरी गेला, जेवला, झोपला, तरी हा तिथंच उभा. आळशी म्हणावं तर नव्हता. उद्धट तर मुळीच नव्हता. सांगितलेलं सगळं ऐकायचा, एवढीच काय ती अडचण होती.

गावाबाहेरच्या माळावर एक जुनी धावपट्टी होती. तिथं सुभेदार रणपिसे यांनी विमानातून उडी मारायला शिकवायची शाळा काढली होती. सुभेदारांचा जन्म लष्करात गेला, तोही पाठीला पॅराशूट बांधून. निवृत्त झाल्यावर जमिनीवर त्यांचं मन रमेना. शहरातली माणसं मोटारीतून यायची, विमानातून वर जायची आणि पॅराशूटला लोंबकळत खाली यायची. खालीच यायचं होतं तर वर गेले कशाला, असं गावातल्या म्हाताऱ्या विचारायच्या. त्यांना अजून कुणी धड उत्तर दिलेलं नाही. पॅराशूटला तिथं सगळे छत्रीच म्हणत.

त्या शाळेत हौसा नावाची मुलगी फाटलेल्या छत्र्या मशिनवर शिवायची. हौसाला गेनू आवडायचा. एकदा दोरा आणायला जाताना ती त्याला म्हणाली होती, "जरा ही सुई धर." मग तिला कुणीतरी कामाला बोलावलं. संध्याकाळी ती परत आली तेव्हा गेनू सुई धरून बसला होता. असा माणूस आपल्याला दुसरीकडं कुठं मिळायचा नाही, हे तिनं तेव्हाच ओळखलं. गेनूला तर हौसाशिवाय काही सुचत नव्हतं. हौसाचे वडील भानुतात्या मात्र पक्के होते. ते म्हणाले, "सुभेदाराकडं नोकरीला लावा त्याला. लग्नापतोर टिकला तर पोरगी देतो. सुभेदारानं हाकलला, तर लग्न मोडलं."

गेनू नोकरीला लागला.

पहिल्याच दिवशी एक उडीवाला चुकून तळ्यात उतरला. छत्री चिंब भिजली. सुभेदार म्हणाले, "गेनू, एवढी वाळत घाल." गेनूनं ती भर उन्हात बाभळीवर पसरली. सुभेदारांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"लेका, छत्री उन्हात घालत नाहीत! ऊन लागलं की कापड मरतं. वरून धड दिसतं आणि आभाळात फाटतं. सावलीत टांगायची, वाऱ्यावर. समजलं का?"

"समजलं, साहेब. पुढच्या टायमाला अगदी तस्संच करतो."

हौसा दिवसभर बाभळीनं पाडलेली भोकं शिवत बसली.

दुसऱ्या दिवशी गेनूला सुट्टी होती. आईनं अंगणात खाटेवर कुरडया घातल्या होत्या. ती म्हणाली, "मी बाजारला जाऊन येते. कुरडयांकडं ध्यान ठेव." गेनूनं ध्यान ठेवलं. बघतो तर कुरडया भर उन्हात! त्याचा जीव खालीवर झाला. त्यानं एकेक कुरडई उचलली, सुतळीत ओवली आणि माजघरातल्या आढ्याला टांगली. आईला सांगितलं, "मी वाळवण आत घेतलं," तेव्हा आई खूश झाली. चार दिवसांनी तिनं वर पाहिलं तेव्हा कुरडयांना हिरवी दाढी आली होती.

"आरं मुडद्या," आई म्हणाली, "वाळवण उन्हातच असतंया! वरनं जुनं पातळ पांघरायचं. चारी कोपऱ्यांवर धोंडं ठेवायचं. आन् काठी घेऊन कावळं हाकत बसायचं. वाळंस्तोवर उठायचं न्हाई."

"समजलं, आई. पुढच्या टायमाला अगदी तस्संच करतो."

पुढचा टायम लवकरच आला. शहरातले एक जाडजूड वकीलसाहेब उडी मारून माळावर उतरले. उतरले म्हणजे आपटले. वारा पडला आणि छत्री अलगद त्यांच्या अंगावर पसरली. गेनू पळत गेला. ऊन होतं. खाली काहीतरी होतं आणि वर कापड पांघरलेलं होतं. गेनूनं चार मोठे धोंडे आणून चारी कोपऱ्यांवर ठेवले आणि काठी घेऊन शेजारी बसला.

कापडाखालून आवाज आला, "अहो, कुणी आहे का?"

"हाय की. मी हाय."

"मला बाहेर काढा!"

"इतक्यात न्हाई, साहेब. वाळू द्या की."

वकीलसाहेब आत धडपडू लागले. गेनू त्यांना धीर देत म्हणाला, "भिऊ नगा. एक कावळा जवळ येऊ द्यायचो न्हाई."

सुभेदारांनी वकीलसाहेबांना बाहेर काढलं तेव्हा ते खरोखरच वाळले होते. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सुभेदारांवर कोणकोणती कलमं लागतात ते सांगायला सुरुवात केली. सुभेदारांनी हात जोडले. वकीलसाहेबांची मोटार दिसेनाशी झाल्यावर ते गेनूकडं वळले.

"गेनू, आज तुला हाकलणारच होतो. त्या पोरीच्या तोंडाकडं बघून ठेवतोय. नीट ऐक. कुणी आडवा पडलेला दिसला, की आधी त्याच्या सगळ्या पट्ट्या सोडायच्या. मग खांद्यांना धरून उठवायचं. मग चार पावलं चालवून बघायचं, लंगडतोय का. आणि मग येऊन सांगायचं, कुठं लागलंय ते."

"समजलं, साहेब. पुढच्या टायमाला अगदी तस्संच करतो."

त्या संध्याकाळी गेनू हौसाकडं शिवायच्या छत्र्या पोचवायला गेला. गोठ्यात तात्यांची म्हैस आडवी पडून रवंथ करत होती. गेनू थबकला. बिचारी पडली होती आणि घरात कुणाला पत्ताच नव्हता. त्यानं गळ्यातलं दावं सोडलं. पायातला साखळदंड सोडला. खांदे सापडेनात म्हणून शिंगं धरून तिला उठवलं आणि चार पावलं चालवून पाहिलं. म्हैस अजिबात लंगडली नाही. पाचवं पाऊल तिनं आपल्या मनानं टाकलं, आणि मग पुढची सगळीच.

गेनू हसतमुखानं ओसरीवर आला. "तात्या, काळजी करू नगा. म्हशीला कुठंबी लागलेलं न्हाई."

"काय झालं म्हशीला?" तात्या उठले. "कुठं हाय?"

"लई लांब. जोरात पळतीया. एकदम बेस."

म्हैस रात्री शेजारच्या गावच्या मक्यात सापडली. तात्या म्हणाले, लग्न मोडलं. हौसा दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, म्हस आली का न्हाई परत? सुभेदारांनी हाकलला तरच मोडायचं, असं ठरलं हुतं. तुम्हीच तुमचा शबूद मोडणार का?" तात्यांना आपल्या शब्दाचा अभिमान होता. ते चरफडत म्हैस बांधायला गेले. पण आता गेनूची नोकरी एका दोरीला लटकते आहे, हे हौसाला कळत होतं आणि तिला रात्री झोप लागत नव्हती. गेनू घोरत होता.

मग एक नवखा पोरगा शाळेत आला. पहिलीच उडी. गेनूनं त्याला शाळेतली सगळ्यात लहान छत्री काढून दिली, कारण ती उचलायला हलकी होती. सुभेदारांनी ती विमानाच्या पायरीवरून परत हिसकावून घेतली.

"अरे, लहान छत्री विंचवासारखी पळते! ती मुरलेल्या गड्यासाठी. नवख्याला कायम मोठी द्यायची, म्हणजे हळूहळू उतरतो. आधी विचारायचं, किती अनुभव आहे. अनुभव जेवढा जास्त, छत्री तेवढी लहान. अंगाचं माप नंतर. हे डोक्यात कोरून ठेव."

"कोरलं, साहेब."

त्याच आठवड्यात आईच्या पायाला वात आला आणि लग्नाचा बस्ता आणायला गेनूला तालुक्याला जावं लागलं. दुकानदारानं मापं विचारली. गेनू म्हणाला, "मापाचं नंतर बघू. आधी अनुभव बघा." नवरा नवखा, म्हणून शेरवानी सगळ्यात मोठी. नवरी नवखी, म्हणून चपला दुकानातल्या सगळ्यात मोठ्या. हौसाचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा, त्याला तर कशाचाच अनुभव नाही, म्हणून त्याला पैलवानाचा सदरा. तात्यांनी दोन पोरींची लग्नं लावलेली, म्हणून त्यांना बारशाची टोपी.

तात्यांनी टोपी हातात घेतली. फिरवून फिरवून पाहिली. अंगठ्यावर घालून पाहिली.

"ही कुणाची?"

"तुमची. तुम्ही मुरलेला गडी हायसा, तात्या."

तात्या टोपी घेऊन तडक सुभेदारांकडं गेले आणि म्हणाले, "ह्याला तुम्ही हाकलताय, का मी माझा शबूद गिळू?"

सुभेदारांनी मिशी ओढली. हौसा मशिनपाशी मान खाली घालून बसली होती आणि तिचे डोळे भरले होते. त्या म्हाताऱ्या शिपायाला ते बघवेना. तो म्हणाला, "तात्या, मला एक दिवस द्या. याला एक शेवटचं शिकवतो. या पोराचा घोटाळा विचार करण्यात होतो. माझ्याकडं एक काम असं आहे, की ज्यात विचार करायचाच नसतो."

सुभेदारांनी गेनूला पट्टे चढवून कडुलिंबाच्या फांदीला टांगलं.

"आता तू आभाळात आहेस. तुझ्या पाठीवर छत्र्या दोन. एक पहिली, एक राखीव. राखीव पाठीवर नसेल, तर विमानात पाय ठेवायचा नाही, मग पंतप्रधान बोलावू दे. समजलं?"

"समजलं."

"पहिली उघडली की वर बघायचं. दोऱ्या सरळ आहेत का? का पीळ बसलाय, गुंता झालाय? गुंता दिसला की विचार करत बसायचं नाही. होईल सरळ, असं म्हणायचं नाही. पहिलीचा मोह धरायचा नाही. मोहापायी चांगली चांगली माणसं गेली, गेनू. उजव्या हातानं पहिली सोड, डाव्या हातानं राखीव ओढ. आणि राखीव एकदा उघडली, की ती सोडायची नाही. तिच्यानंतर काही नसतं. जशी असेल तशी घेऊन खाली उतरायचं. चल! गुंता झाला!"

"पहिली सोड, राखीव ओढ!" गेनू ओरडला. दोन्ही हात कसे विजेसारखे चालले.

सुभेदारांना धक्काच बसला. त्यांनी पुन्हा करून घेतलं. पाठीमागून ओरडून करून घेतलं. गेनू डुलकी घेत असताना करून घेतलं. एकदाही चूक नाही. इतकी सफाई त्यांनी लष्करातही पाहिली नव्हती. त्यांनी गेनूला खाली उतरवलं, मिठी मारली आणि तात्यांना सांगितलं, "पोरगा शिकला. लावा लग्न खुशाल."

हौसा हसत हसत रडली.

लग्नाच्या आदल्या दिवशी गेनू आपल्या मामेभावाकडं गेला. श्रीपती त्याचं नाव. दूध डेअरीत कामाला होता, शांत स्वभावाचा, बिनलग्नाचा. गेनू म्हणाला, "श्रीपती, उद्या माझ्यासारखीच शेरवानी घाल. फेटा बांध. मुंडावळ्या बांध. आन् दिवसभर माझ्या पाठीला चिकटून राहा."

"कशापायी?"

"राखीव."

श्रीपतीला वाटलं, करवल्याची काहीतरी नवीन तऱ्हा असेल. त्यानं मान डोलावली. हळद लावताना गेनू म्हणाला, "त्यालाबी लावा." बायकांनी हसत हसत लावली. वरातीच्या घोड्यावर दोघं बसले. लोक म्हणाले, भावाभावांची माया बघा. कुणी विचारलंच तर गेनू सांगायचा, "राखीव हाय." लोकांना वाटायचं, थट्टा करतोय.

मुहूर्त आला. गेनू पाटावर उभा राहिला. त्याच्या पाठीला चिकटून श्रीपती. समोर अंतरपाट, पलीकडं हौसा हार घेऊन. मंगलाष्टकं सुरू झाली. सुभेदार पहिल्या रांगेत लष्करी पोशाखात उभे राहून अक्षता टाकत होते. शेवटचं कडवं झालं. ताशा कडाडला, अंतरपाट दूर झाला.

गेनूनं नियमाप्रमाणे वर पाहिलं.

त्याच्या मुंडावळ्यांना पीळ बसला होता. दोन सरी एकमेकींत गुंतल्या होत्या.

विचार करायचा नव्हता. उजव्या हातानं गेनूनं मुंडावळ्या उपटून फेकल्या आणि पाटावरून बाजूला उडी मारली. डाव्या हातानं श्रीपतीला ओढून पाटावर उभं केलं. हौसाची नजर लाजेनं खाली होती. तिला शेरवानी दिसली, तिनं हार घातला.

ताशा एकदम थांबला. हौसानं वर पाहिलं. मग बाजूला पाहिलं. गेनू ताठ उभा होता आणि सुभेदारांना सलाम करत होता.

"साहेब, पहिली सोडली, राखीव ओढली!"

सुभेदार मटकन खुर्चीत बसले. हौसानं आवाज गोड ठेवला. "अवो," ती म्हणाली, "झालं गेलं. ह्यांना बाजूला करा आन् या की परत पाटावर. मी दुसरा हार घेते."

गेनूच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसा त्याला फार फार हवी होती. पण मोह धरायचा नव्हता.

"न्हाई, हौसा. राखीव उघडली की सोडता येत न्हाई. तिच्यानंतर काही नसतं."

हौसानं त्याच्याकडं पाहिलं. जो माणूस तिची सुई धरून बसला होता, तोच हा. मग तिनं डोळे पुसले आणि श्रीपतीला विचारलं, "तुमची काही हरकत?"

"मला नुसतं उभं राहा म्हणलं हुतं," श्रीपती म्हणाला. "पण हरकत कशाची असणार?"

तात्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि ताशेवाल्यांना हात केला.

गेनूची आई मांडवातच ऊर बडवू लागली. "आरं माझ्या कर्मा, तुझी बायको गेली की रं!"

गेनूनं आईला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"गेली कुठं, आई? सुखरूप उतरली."