लकाबाईचं पाणी

फार वर्षांमागं बोरखडीला जायला धड वाट नव्हती, आणि बोरखडीत अक्कलही नव्हती. त्या काळी तिथं लकाबाई धनगरीण होऊन गेली. तिची दीडशे मेंढरं होती. त्यातल्या एकाच्या जखमेवर माशी बसली तरी तिला कोसावरून ऐकू यायचं, असं म्हणतात.

आता लोक तिला देवी म्हणतात, तिच्या नावाच्या दगडाला शेंदूर फासतात. देवी कसली? बाई होती. देवी म्हटलं की बरं असतं, तिनं केलं ते आपल्याला करावं लागत नाही.

तर गावात हौसा नावाची कुंभाराची सून होती. भट्टी उतरवताना वरून रांजण घसरला, तिच्या डोक्यावर आला. डोकं फुटलं आणि रांजणही फुटला. सासू गजराबाई धावत आली ती रांजणाकडं. म्हणाली, “तुझ्या डोक्यात किडे पडतील, रांडे!”

देवऋष्यानं जखमेत अंगारा भरला, वरून फडकं करकचून बांधलं आणि बजावलं, आठ दिवस सोडायचं नाही. दिवस उन्हाळ्याचे, फडकं रक्तानं भिजलेलं, आणि घरभर माश्या. सहाव्या दिवशी हौसा भिंतीवर डोकं आपटायला लागली. फडकं सोडलं तर जखमेत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

माशीनं अंडी घातली, त्याच्या अळ्या झाल्या. एवढंच. पण गाव म्हणालं, पाप! देवऋषी आपल्या फडक्याबद्दल अक्षर बोलला नाही. गजराबाई घाबरली, आणि आपली वाचा खरी झाली म्हणून मनातून थोडी फुगलीही. पाटलानं हुकूम सोडला आणि लोकांनी त्या पोरीला शिवेबाहेर, मेंढरांच्या वाड्याजवळ नेऊन टाकलं. पाण्याचं गाडगं लांबून काठीनं सरकवलं. काठीनं! जिनं घडवलेल्या गाडग्यात सगळं गाव पाणी पीत होतं, तिला!

लकाबाई मेंढरं घेऊन आली, तिनं हे पाहिलं आणि ती तशीच चावडीवर गेली.

“पाटील, पोरीला का टाकली?”

“अंगात किडे पडलेत तिच्या. पापाबिगर पडत नाहीत.”

“माझ्या मेंढरास्नी दर साली पडत्यात. मेंढरानं कुणाचं काय खाल्लं? गावातल्या समद्या पोरांच्या पोटात जंत हाईत, त्येंचं काय पाप? आन् तुमच्या नडगीतनं दोन हात लांब नारूचा किडा निघाला, मीच काडीवर गुंडाळत बसले व्हते आठ दिस. तवा तुमाला कुठं ठेवलं व्हतं, शिवंबाहीर?”

पाटलानं पाय धोतरात ओढून घेतला, असं म्हणतात.

लकाबाईनं गर्दीत उभ्या गजराबाईचं मनगट धरलं. “चल. बोललीस तू, आता निस्तरायचं बी तूच.”

“मला किळस येती गं बाई!”

“तिला काय सुख वाटतंय व्हय?”

लकाबाईनं जखमेत करंजाचं तेल ओतलं. अळ्यांचा जीव गुदमरला, त्या एकेक वर आल्या. काट्याच्या चिमट्यानं ती उचलायची आणि गजराबाईनं धरलेल्या गाडग्यात टाकायची. सव्वाशे निघाल्या असं म्हणतात, कुणी सव्वापाचशेही म्हणतं. मग तिनं कडुलिंबाचं कोमट पाणी गजराबाईच्या हातात दिलं. “धू.”

हौसाचे डोळे मिटलेले होते. तिनं विचारलं, “ह्यो कुणाचा हात हाय?”

“तुझ्या सासूचा.”

“मंग जरा हळू म्हणावं.”

तेव्हा गजराबाई रडली. रोज सकाळी येऊन तिनंच जखम धुतली, आणि हौसा वाचली.

पण लकाबाईचा राग गेला नव्हता. तिनं त्या अळ्या मातीसकट गाडग्यात ठेवल्या, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि गाडगं चावडीवर ठेवून दिलं. “पाप असंल तर पाप बाहीर येईल,” म्हणाली. दहाव्या दिवशी अख्ख्या गावासमोर तिनं फडकं सोडलं. आतून माश्या निघाल्या. इतक्या निघाल्या की सूर्य झाकला, चावडीवर अंधार पडला, आणि त्या सगळ्या देवऋष्याच्या मिशीवर जाऊन बसल्या. तो शीव ओलांडून गेला तेव्हाच उठल्या, असं म्हणतात. एका गाडग्यात इतक्या मावतात का, हे मला विचारू नका. आतून माश्याच निघाल्या, पाप निघालं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आजही बोरखडीत कुणी कुणाला ‘किडे पडतील’ म्हणत नाही. बाकी शिव्या भरपूर चालतात. पण ही एक तोंडून गेलीच, तर बोलणाऱ्यानं कडुलिंबाचं पाणी उकळायचं आणि गावात ज्याची जखम सगळ्यांत चिघळलेली असेल, माणसाची असो की बैलाची, ती बरी होईपर्यंत रोज आपल्या हातानं धुवायची. त्याला लकाबाईचं पाणी म्हणतात. गेल्या साली सरपंचबाईंच्या तोंडून गेलं. बंडू न्हाव्याचा साखरेच्या आजारानं सडलेला पाय बाईंनी सव्वा महिना धुतला. पहिल्या दिवशी नाकाला पदर लावला होता. न्हाव्यानं पाय मागं घेतला आणि म्हणाला, “पदर काढा, मग धुवा.”

बाईंनी पदर काढला.